उघडा कोन फिल्टर म्हणजे कोल्ड एअर इनटेक नव्हे

जुन्या गाडीला कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, लावायचा आणि ‘कोल्ड एअर इनटेक बसवला’ म्हणून सांगत सुटायचं, हा घोळ आता पुरे. बॉनेटखाली उघडा बसलेला कोन हा नुसता मोकळा फिल्टर. कोल्ड एअर इनटेक म्हणजे रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या झळा न लागलेली बाहेरची हवा थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंत, आणणारी वाट. तिच्यात फिल्टर कोणत्या आकाराचा आहे, याला महत्त्व नाही.

कोन सगळ्यांना ठाऊक आहे: एअर बॉक्स (फिल्टरचा मूळ बंद डबा) काढा, क्लॅम्प आवळा, झालं. कापडी की कागदी, लाल की निळा हे वाद मी वाचतही नाही. फक्त कापडी फिल्टरला तेल जास्त झालं, तर आत जाणारी हवा मोजणाऱ्या हॉट-वायर सेन्सरच्या तारेवर ते बसून रीडिंग बिघडू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

लोक गंडतात ते हवेच्या वाटेतला अडथळा आणि हवेचं तापमान यांची गल्लत करून. अडथळा घरच्या घरी मोजता येतो. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपला पारदर्शक नळी जोडा, तिला यू आकार देऊन त्यात रंगीत पाणी भरा. नळी भरपूर लांब घ्या, नाहीतर पाणी इंजिन पिईल. थ्रॉटल पूर्ण उघडून, वरच्या आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक बघा. समजा तो 20 सेंटिमीटर आला. म्हणजे साधारण 2 किलोपास्कल. समुद्रसपाटीला हवेचा दाब 101 किलोपास्कल असतो. अख्खा एअर बॉक्स फेकून दिलात तरी हाती लागणार ती पॉवर हे 2 टक्क्यांच्या आसपास, आणि तेही पाय तळाला टेकल्यावर. अर्ध्या थ्रॉटलला हवा अडवते ती थ्रॉटलचीच झडप. तिथे फिल्टरला कोण विचारतो?

आता तापमान. बाहेर 30 अंश आणि बॉनेटखाली 60 असेल, तर हवेची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. पॉवर तेवढी पडत नाही, कारण गार हवाही सिलिंडरपर्यंत पोचेतो तापतेच. तरी 5-6 टक्के जातात. दोन मिळवायला पाच घालवले! वेगात बॉनेटखाली वारा खेळतो, तेव्हा तोटा कमी होतो, हे मान्य. पण ‘आवाज बघ कसला येतो’ हा पुरावा मला देऊ नका. एअर बॉक्स आवाज दाबायचा, तो काढल्यावर आवाज येणारच.

कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बऱ्याच गाड्यांत एअर क्लीनरच्या सोंडेत, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, एक झडप असते. इंजिन थंड असताना ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरची) गरम हवा आत घेते, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून. ती गंजून गरम बाजूलाच अडकली, तर इंजिन कायम तापलेली हवा ओढत राहतं. इंजिन तापल्यावर सोंडेत आरसा धरून झडप फिरली का ते बघा. कोनची खरेदी त्यानंतर. आणि कार्बोरेटरवर कोन लावलाच, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासून जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलायची तयारी ठेवा. लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालणारं इंजिन तापतं आणि ठोकतं.

माझं मत विचाराल तर मूळ बॉक्स ठेवा, नवा कागदी फिल्टर घाला आणि सोंडेचं तोंड ग्रिलमागे किंवा हेडलाइटच्या शेजारी न्या. चकचकीत धातूचा पाइप नको, तो स्वतःच तापतो. तोंड बंपरखाली तर मुळीच नको. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनाने घोटभर ओढलं, तरी सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.