मानकुराद इथेच राहिला, हापूस जगभर गेला

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एप्रिलमध्ये आंबेवाल्या बायकांच्या रांगेतून चालत गेलं की एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘भायलो’. म्हणजे बाहेरचा. गेल्या हंगामात एका टोपलीतला आंबा उचलून मी देठाशी नाक नेलं, तर बाईने मला बोलूच दिलं नाही. “बाब, हो भायलो. हांगाचो तो.” हांगाचो म्हणजे इथला. शेजारच्या टोपलीत गवतावर दहा-बाराच फळं होती. साल पिवळट, त्यावर काळसर ठिपके, देठाजवळ चीक ओघळल्याचा सुकलेला डाग. दिसायला भायला आंबा कितीतरी देखणा होता. भाव मात्र डागाळलेल्या आंब्याचा चौपट.

गोव्यात हे नेहमीचंच आहे. बेळगाव-धारवाडकडून किंवा सिंधुदुर्गातून आलेला आंबा स्वस्त आणि घराच्या मागच्या भाटात, म्हणजे बागेत, पिकलेला इथला मानकुराद आंबा महाग. हंगामाच्या सुरुवातीला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मानकुरादाच्या डझनाला काही हजार रुपये पडतात, मे उजाडेपर्यंत तोच भाव शेकड्यांत येतो. समुद्रापलीकडे गणित नेमकं उलटं. तिकडे आपल्याकडून गेलेला आंबाच सोन्याच्या भावाने जातो. दोन्हीकडच्या भावामागे काय आहे ते समजून घ्यायचं तर कलमांपासून सुरुवात करायला हवी.

आपल्याकडच्या आंब्याची कोय रुजवली तर आईसारखं झाड येईलच असं नाही. बहुतेक वेळा येतच नाही. म्हणून जुना आंबा सगळा रायवळ, प्रत्येक झाडाची चव वेगळी. चांगलं झाड म्हातारं होऊन पडलं की त्याची चवही त्याच्याबरोबर गेली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात आंब्यावर त्याने आवडीने लिहिलं आहे. त्याच्याकडे मुंबई बेट होतं आणि तिथल्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, असंही तो सांगतो. असं झाड पुढच्या पिढीला जसंच्या तसं मिळायचं तर कलमाशिवाय गत्यंतर नव्हतं.

ते काम गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं. रोप मूळ झाडाच्या फांदीशेजारी आणायचं, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायची, जीव धरला की फांदी आईपासून तोडायची. आपण याला भेटकलम म्हणतो. एकदा हे हातात बसल्यावर ज्याच्या अंगणात चांगलं झाड निघालं, त्याचं नाव त्या आंब्याला चिकटलं आणि कलमाबरोबर गावोगाव गेलं. गोव्याच्या आंब्यांना माणसांची नावं आहेत ती अशी: फेर्नांदिन, हिलारियो, कुलास, फुर्ताद, शावियेर. हिलारियोचं मूळ झाड शिवोलीचं असं सांगतात. मुसराद म्हणजे मोन्सेराती, तेही एका घराण्याचं नाव. पायरीचं नातं पेरीस किंवा पिरेस या आडनावाशी जोडतात.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात वावरलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची लिहून ठेवतो की सगळ्यांत उत्तम आंबे गोव्याच्या बेटावर होतात, आणि मग नावांची यादीच देतो. पांढरा कारेइरा, तांबडा कारेइरा, काउंटचा आंबा, माउली मरियेचा आंबा. यादीच्या आरंभी आहे निकोलाव आफोन्सो. यातल्या काही आंब्यांना युरोपातल्या पीचची, नासपतीची, सफरचंदाची चव आहे, असंही तो म्हणतो. लांबून आलेल्या माणसाला दुसरी उपमा कुठून सुचणार?

या ‘आफोन्सो’वर थोडं थांबायला हवं. हापूस हे नाव आफोन्सो द आल्बुकेर्क या गोवा जिंकणाऱ्या सरदारावरून पडलं, असं सगळीकडे छापलेलं असतं. मला ते पटत नाही. आल्बुकेर्कने गोवा घेतला 1510 साली, तो वारला 1515 साली. पहिला जेझुइट, फ्रान्सिस झेवियर, गोव्यात उतरला तो 1542 साली, आणि जेझुइटांची कलमं त्यानंतरची. मनुचीच्या यादीत मात्र निकोलाव आफोन्सो स्पष्ट आहे आणि याच नावाचा आंबा गोव्यात आजही आहे. त्यामुळे ज्याच्या कुळागरात चांगलं झाड निघालं अशा कुणा आफोन्सोचं हे नाव असावं, हे मला जास्त खरं वाटतं. आफोन्सोचा कोकणीत आफूस झाला, मराठीत हापूस.

मानकुरादाला माणसाचं नाव नाही. पोर्तुगीज ‘माल कोरादा’, म्हणजे रंग नीट न चढलेला, यावरून मालकुराद आणि पुढे मानकुराद. म्हणजे नाव दोष दाखवण्यासाठी पडलं. हापसासारखी केशरी झाक नाही, लाली तर नाहीच, वर ते काळे ठिपके. पण कापून पाहा. पिवळाधमक गर, रेषा जवळजवळ नाही, कोय पातळ, आणि गोडीला अगदी हलका आंबटपणा. हापसाला सुगंध जास्त आहे हे मी मान्य करतो. पण हापसात कधीकधी आत साका निघतो, गराचा भाग पांढरट आणि कोरडा होऊन बसतो, आणि बाहेरून काही कळत नाही. तो त्रास मानकुरादाने मला कधी दिलेला नाही. मुसराद रसाळ आणि उग्र, म्हणून घरोघरी मांगाड, म्हणजे आंब्याचा जॅम, त्याचीच करतात. फेर्नांदिन मोठा आणि उशिराचा.

मानकुरादाची गोम त्याच्या सालीत आहे. साल पातळ, दमट हवेत तिच्यावर पटकन बुरशीचे डाग धरतात, पिकल्यावर फळ फार दिवस दम धरत नाही. झाड दरवर्षी सारखं लागत नाही, आणि मोहरावर अवकाळी पाऊस पडला की वर्ष गेलंच. हापूस याबाबतीत दणकट. आढीत घातला तर सावकाश पिकतो, पेटीत बसतो, दोन-चार दिवस हाताळला तरी टिकतो. गोव्याहून आंबे भेट म्हणून पेशव्यांच्या दरबारी पुण्याला जात, तेव्हाही घाट ओलांडून चांगला पोचणाऱ्या आंब्याचंच कौतुक झालं असणार. गोव्यातला आफोन्सो उत्तरेला सरकत देवगड, रत्नागिरीला स्थिरावला. तिथे कातळ, उतार आणि समुद्राचा वारा त्याला मानवला, आणि मुंबईची बाजारपेठ जहाजाच्या टप्प्यात होती. पुढे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात हापसाचा नीलम आंब्याशी संकर करून रत्ना हा नवा आंबा तयार झाला, नंतर सिंधू. मानकुराद मागेच राहिला. मागणी सगळी गोव्यात आणि झाडं थोडी. त्याची महागाई एवढ्या साध्या कारणाची आहे.

आता आयातीकडे. बाहेरून आलेली वस्तू महागच असायची, हा समज गोव्याच्या म्हाताऱ्या माणसांना सांगून पाहा. 1955 च्या सुमारास भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, घाटावरचा भाजीपाला बंद झाला. मग बटाटा हॉलंडचा, चहा सिलोनचा, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, सिमेंट जपानचं. जकात किरकोळ असल्याने परदेशी माल दुकानांत रेलचेल होऊन पडला होता आणि तो परवडतही होता. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, भारताचे कर लागू झाले आणि तोच परदेशी माल एकदम दुर्मीळ झाला. वस्तू तीच, प्रवासही तेवढाच. फरक पडला तो जकातीचा. आजच्या सफरचंदाचं पाहा. परदेशी सफरचंदावर 50 टक्के सीमाशुल्क होतं. 2019 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सफरचंदावर आणखी 20 टक्के चढले, ते 2023 मध्ये उतरले. पणजीच्या बाजारात स्टिकर लावलेलं ते लाल सफरचंद महाग का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं अर्धं शीतगृहाचं भाडं आणि वाटेत सडलेल्या मालाचा भार.

आंब्याला मात्र जकातीपेक्षाही मोठा अडसर आहे कीड. कोयीतला भुंगा आणि फळमाशी आपल्या बागांत शिरू नये म्हणून अमेरिकेने अनेक वर्षं आपला ताजा आंबा घेतलाच नाही. 2007 मध्ये दार उघडलं ते एका अटीवर: प्रत्येक फळाला किमान 400 ग्रे मात्रेचं विकिरण, म्हणजे किरणांची प्रक्रिया. त्याची सोय होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, तीही मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेली. म्हणजे रत्नागिरीच्या बागेतला आंबा आधी लासलगावला जाणार, कोबाल्टच्या किरणांखालून निघणार, परत मुंबईच्या विमानतळावर येणार. पुढे वाशीतही ही सोय झाली. हे सगळं अमेरिकेच्या निरीक्षकासमोर व्हावं लागतं आणि त्याचा खर्च आपल्या बाजूने भरायचा. 2020 मध्ये साथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, निर्यात थांबली, ती 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. जपानला वाफेची प्रक्रिया लागते. युरोपीय संघाने 2014 च्या मेपासून आपला आंबा बंद केला होता, तो 2015 च्या सुरुवातीला मोकळा झाला.

इतकं करूनही जहाजाने पाठवणं कठीण. आंबा फार थंड जागी ठेवता येत नाही. साधारण 12-13 अंशांखाली गेला की साल काळवंडते आणि मग तो नीट पिकतच नाही. अमेरिकेला जहाज पोचायला लागतात आठवडे, हापसाचा दम तेवढा नाही. मग विमान, आणि विमानात भाडं वजनावर. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने तिथल्या देशी दुकानातल्या एका पेटीचा फोटो पाठवला होता. बाराही फळं जाळीच्या टोप्यांत बसवलेली, बाजूला किंमत. माझ्या बहिणीने फोटो पाहिला आणि इतकंच म्हणाली, “त्याला सांग, विमानाचं तिकीट काढ आणि इकडेच येऊन खा.”

तिकडच्या साध्या दुकानातला आंबा मात्र स्वस्त असतो आणि तो मेक्सिको, पेरू, ब्राझीलहून येतो. जास्त करून टॉमी अ‍ॅटकिन्स. लाल, जाड सालीचा, रेषाळ. त्याचं कूळही आपलंच आहे. 1889 साली हिंदुस्थानातून फ्लोरिडाला काही कलमं गेली, त्यांतलं मलगोबा जातीचं एक झाड पुढच्या कडाक्याच्या थंडीत वाचलं. त्याच्या कोयीतून हेडन आला, हेडनच्या कोयीतून टॉमी अ‍ॅटकिन्स. साल जाड असल्याने तो जहाजात आठवडे काढतो आणि रंगावर भुलून लोक उचलतात. चवीसाठी त्याला कुणी निवडलेला नाही.

मलावीचा हापूस याच्या उलट बाजूचा. आपल्या कोकणातलीच कलमं आफ्रिकेत नेऊन लावली, तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असल्याने तो आंबा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाशीला उतरतो. विमानाने येतो, दुसरा हापूस त्या वेळी बाजारात नसतो, म्हणून मे महिन्यातल्या हापसापेक्षा महाग.

गोव्याच्या मानकुरादाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या हापसाला ते 2018 मध्येच मिळालं होतं. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मानकुरादातला निवडक ‘कार्दोज मानकुराद’ पुढे आणला आहे, त्याची कलमं लोक नेतात. मला चिंता आहे ती बाकीच्यांची. फुर्ताद, कुलास, निकोलाव आफोन्सो यांची जुनी झाडं बहुतेक वाड्यांच्या परसात आहेत, आणि वाडे विकले जात आहेत. आमच्या शेजारच्या वाड्यातलं मुसरादाचं झाड दोन वर्षांपूर्वी बंगल्यासाठी तोडलं. तोडण्याच्या आदल्या दिवशी मी चार फांद्या मागून आणल्या आणि कोय कलम करून पाहिलं. चारांतलं एक जगलं. सध्या ते गुडघ्याएवढं आहे, आणि यंदा त्याला तांबूस पालवीचे दोन झुबके फुटले आहेत.