नॅनोकणांद्वारे कर्करोगपेशींत जनुकवहन

कर्करोगाच्या पेशींत डीएनए किंवा आरएनए पोहोचवण्यासाठी नॅनोकणांचा वाहन म्हणून उपयोग करण्याची पद्धत. हे कण बहुधा मेदद्रव्यांचे (लिपिड) किंवा बहुवारिकांचे (पॉलिमर) असतात आणि त्यांचा व्यास ५० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या घरात जाते, यावरून त्यांच्या लहानपणाची कल्पना येईल. ‘जनुक’ हा शब्द या क्षेत्रात सैलपणे वापरतात. गाठींची वाढ रोखणाऱ्या पी५३सारख्या बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत घालणे, प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन एमआरएनए पाठवणे आणि एखाद्या जनुकाचे तोंड बंद करणारा एसआयआरएनए सोडणे, ही तिन्ही कामे त्यात येतात.

वाहनाची गरज दोन कारणांनी पडते. उघडा आरएनए रक्तात गेला की तिथली विकरे (एन्झाइम) थोड्याच वेळात त्याचे तुकडे करतात. शिवाय डीएनए आणि आरएनए ऋणभारित असतात आणि पेशीचे बाह्य आवरणही तसेच, त्यामुळे दोघे एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. विषाणूंना पेशीत शिरण्याची कला उपजत असते. म्हणून जनुकोपचाराची सुरुवात विषाणूंपासून झाली आणि चीनमध्ये २००३ साली मान्यता मिळालेले कर्करोगावरील पहिले जनुकौषधही विषाणूवरच बेतलेले होते. मात्र १९९९ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एका आनुवंशिक विकारावरील चाचणीत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा तरुण विषाणूवाहकाला शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिसादामुळे दगावला. त्यानंतर विषाणूविरहित वाहनांचे महत्त्व अधिक जाणवू लागले. त्यांचा पाया आधीच घातलेला होता : फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये धनभारित लिपिडांच्या साहाय्याने डीएनए पेशीत घालून दाखवला होता.

गाठीपर्यंत पोहोचण्याची कल्पना १९८६ मधली. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांना असे आढळले की, गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथे शिरलेले मोठे रेणू लवकर बाहेर पडत नाहीत. नॅनोकणांचा सारा डोलारा बराच काळ या एका निरीक्षणावर उभा होता. त्यावर दुसरा उपाय जोडला गेला तो कणाच्या पृष्ठभागावर ‘पत्ता’ लावण्याचा. ज्या ग्राहींची (रिसेप्टर) संख्या कर्करोगपेशींवर जास्त असते, त्यांना चिकटणारा रेणू कणावर बसवायचा. भराभर विभागणाऱ्या पेशींना लोह भरपूर लागते, म्हणून ट्रान्सफेरिन हे लोहवाहक प्रथिन त्यासाठी आवडीचे ठरले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्क डेव्हिस यांच्या गटाने घडवलेला ‘सीएएलएए-०१’ हा कण. सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या वाटीसारख्या रेणूंपासून केलेले बहुवारिक, त्या वाट्यांत अचूक बसणाऱ्या ॲडमँटेनच्या गुठळ्यांनी अडकवलेले पीईजीचे (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आवरण, वर ट्रान्सफेरिन आणि पोटात एसआयआरएनए. डीएनए तयार करायला लागणाऱ्या आरआरएम२ या प्रथिनाचे जनुक त्याने गप्प करायचे होते. माणसांवरील चाचणी २००८ मध्ये सुरू झाली. शिरेतून कण दिलेल्या त्वचाकर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे तपासले, तेव्हा जितकी मात्रा जास्त तितके कण आत जास्त दिसले. एका रुग्णात तर लक्ष्य एमआरएनए नेमका अपेक्षित जागीच तुटलेला सापडला. माणसाच्या शरीरात आरएनए हस्तक्षेप (एसआयआरएनएने एमआरएनए तोडून जनुक गप्प करणे) घडल्याचा तो पहिला थेट पुरावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध मात्र बाजारात आले नाही. एकूण २४ रुग्णांत कोणाचीही गाठ लक्षणीय आकसली नाही. फार तर काहींचा आजार स्थिर राहिला.

‘लक्ष्यवेधी’ या शब्दाची खरी परीक्षा याच गटाने २००७ मध्ये उंदरांवर घेतली होती. ट्रान्सफेरिन लावलेले आणि न लावलेले कण गाठीत जवळपास सारखेच पोहोचले. फरक पडला तो गाठीत पोहोचल्यावर पेशीच्या आत शिरण्यात. म्हणजे पत्त्यामुळे पत्र गावात लवकर येत नाही, फक्त दार उघडते. हे लक्षात न घेता ‘थेट कर्करोगावर नेम’ अशी जी जाहिरातवजा वर्णने होतात, ती फसवी आहेत. टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरील प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक (मीडियन) केवळ ०.७ टक्के भरला. उरलेल्यांपैकी पुष्कळ कण यकृत व प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात.

पेशीत शिरल्यावरही कण आधी एंडोसोम नावाच्या पिशवीत कैद होतो. ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि आतला माल शेवटी पचवला जातो. आम्लतेत धनभारित होऊन पिशवीचे आवरण फोडणारी लिपिडे हा त्यावरचा आजवरचा सर्वोत्तम तोडगा. तरीही २०१३ च्या एका अभ्यासात एसआयआरएनएचा जेमतेम १ ते २ टक्के भाग बाहेर पडताना दिसला. एमआरएनए आणि एसआयआरएनए यांना पिशवीतून बाहेर पडणे पुरते, डीएनएला पुढे केंद्रकाचीही भिंत ओलांडावी लागते.

लिपिड कणांचे यश आले ते गाठीत नव्हे, यकृतात. रक्तातले एपीओई प्रथिन कणांना आपोआप चिकटते आणि त्यांना यकृतपेशींत नेते. त्याच आधारावर पॅटिसिरान हे एका आनुवंशिक मज्जातंतूविकारावरचे औषध २०१८ मध्ये मान्य झाले. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेली नेक्सकार१९ ही २०२३ मध्ये मान्यता मिळालेली जनुकोपचारपद्धती मात्र विषाणूच वापरते, आणि तोही शरीराबाहेर : रुग्णाच्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांत जनुक घालून त्या परत दिल्या जातात.

सध्या कर्करोगात लिपिड कणांच्या उपयोगांपैकी सर्वाधिक आशा आहे ती वैयक्तिक, म्हणजे त्या त्या रुग्णाच्या गाठीवरून बनवलेल्या, एमआरएनए लसींकडून. शस्त्रक्रिया झालेल्या त्वचाकर्करोगाच्या १५७ रुग्णांवरील चाचणीत प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाबरोबर ही लस दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका, नुसत्या औषधाच्या तुलनेत, ४४ टक्क्यांनी कमी आढळला. या पद्धतीत कणाला कर्करोगपेशीपर्यंत जावेच लागत नाही. तो दंडातल्या स्नायूत टोचतात आणि गाठ ओळखायचे काम रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी करतात.