टूल-वर्णन (एआय एजंट)

टूल-वर्णन : एखादे सॉफ्टवेअर टूल काय करते, केव्हा वापरायचे आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, हे भाषिक मॉडेलवर चालणाऱ्या एजंटला (टूल वापरून स्वतः कामे पार पाडणाऱ्या प्रणालीला) सांगणारा मजकूर. टूलचे नाव, वर्णन व पॅरामीटरांचा, म्हणजे टूलला पुरवायच्या मूल्यांचा, आराखडा (बहुधा ‘जेसन स्कीमा’ या ठरावीक मांडणीत) एवढेच मॉडेलपुढे येते. मागचा कोड त्याला सहसा दिसत नाही. त्यामुळे वर्णनात राहून गेलेली गोष्ट मॉडेल अंदाजाने भरून काढते.

या लेखनाचा आरंभ कोठे धरायचा, हे ‘टूल वापरणे’ कशाला म्हणायचे यावर ठरते. एआय२१ लॅब्जच्या एमआरकेएल रचनेत (मे २०२२) भाषिक मॉडेलाला गणकयंत्रासारखे स्वतंत्र घटक राउटरने (प्रश्न योग्य घटकाकडे धाडणाऱ्या भागाने) जोडलेले होते. ‘रिॲक्ट’ या शोधनिबंधातील (ऑक्टोबर २०२२) मॉडेल विकिपीडियावर शोध घेई. मात्र तो कसा घ्यायचा हे त्याला मुख्यतः सूचनेत दिलेल्या सोडवलेल्या उदाहरणांतून कळे. मेटाच्या टूलफॉर्मरने (फेब्रुवारी २०२३) गणकयंत्र, दिनदर्शिका आदींचा वापर प्रशिक्षणातच मुरवला, म्हणजे वर्णनाची गरजच ठेवली नाही. टूल वापरण्याचा इतिहास आणि वर्णन लिहिण्याचा इतिहास त्यामुळे एकच मानता येत नाही. लँगचेन या एजंट बांधण्याच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतील एका एजंट-प्रकाराच्या नावात ‘झीरो-शॉट’ व ‘डिस्क्रिप्शन’ हे दोन्ही शब्द होते. उदाहरणांविना, नुसते वर्णन वाचून तो टूल निवडत असे. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चॅटजीपीटी प्लगिन्सच्या (चॅटजीपीटीला जोडायच्या बाहेरच्या सेवांच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे माहिती-फाइलमध्ये, माणसासाठी एक व मॉडेलसाठी दुसरे अशी दोन वर्णने असत. मॉडेलला वेगळा वाचक मानण्याची ही ठळक खूण असल्याने आरंभ या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे ओपनएआयची फंक्शन कॉलिंग ही टूल बोलावण्याची सोय (जून २०२३) आणि मॉडेलला बाहेरच्या टूलांशी जोडणारा अँथ्रॉपिकचा एमसीपी हा खुला प्रोटोकॉल (नोव्हेंबर २०२४) यांनी नाव-वर्णन-आराखडा ही त्रयी रुळवली.

लेखनात पुष्कळ चुका टूलची हद्द न आखल्याने आणि पॅरामीटरांत होतात. दोन स्थानकांमधील रेल्वेगाड्या शोधणारे टूल घेऊ. ‘गाड्यांची माहिती देते’ एवढेच लिहिले, तर भाडे, आरक्षण, गाडी किती उशिरा धावते आहे, अशा प्रत्येक प्रश्नाला मॉडेल तेच टूल बोलावते. म्हणून ‘फक्त वेळापत्रक देते, रिकाम्या जागा किंवा गाडीचे सध्याचे ठिकाण देत नाही’ अशी हद्द आखावी लागते. स्थानक नावाने द्यायचे की कोडने, हे न सांगितल्यास मॉडेल ‘मुंबई’ पाठवते किंवा खरा वाटेलसा कोड रचते. ‘कोड ठाऊक नसल्यास आधी स्थानक-शोध टूल वापरावे’ हे वाक्य तेथे कामी येते. ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च? तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच मागावी. मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाडीसाठी ती तारीख गाडी सुटण्याच्या मूळ स्थानकाची की प्रवासी चढतो त्या स्थानकाची, हेही लिहावे. ही उणीव चाचणीत सहज सुटते, कारण उत्तर येते. ते फक्त एका दिवसाने चुकलेले असते. ठरावीक पर्याय असतील तर ते वाक्यात न गुंफता स्कीमातच बांधून द्यावेत.

त्रुटी-संदेशही वर्णनाचाच विस्तार समजावा. ‘अवैध इनपुट’ वाचून मॉडेल बहुधा तोच प्रयत्न पुन्हा करते. ‘तारीख २०२५-०४-०३ अशी द्या’ वाचून ते दुरुस्ती करू शकते.

वर्णन किती लांब असावे? अँथ्रॉपिकचे मार्गदर्शन प्रत्येक टूलसाठी किमान ३-४ वाक्ये सुचवते. सर्व टूलांची वर्णने एकदम पुरवली, तर प्रत्येक विनंतीत ती टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते) खातात. मिळतीजुळती टूले वाढली की निवडही ढळते. तेव्हा दोन वर्णने घोटत बसण्यापेक्षा टूलांचे एकत्रीकरण बरे. चाचणीच्या प्रश्नांत टूल बोलावूच नये असेही प्रश्न हवेत, नाहीतर ‘नेहमी वापरा’ असे ठासून सांगणारे वर्णन फसवे यश दाखवते.

वर्णन मॉडेल वाचते त्या मजकुरातच जात असल्याने तिऱ्हाईताच्या टूलमधील वर्णनात छुप्या आज्ञा दडवता येतात. यास ‘टूल पॉयझनिंग’ म्हणतात. एमसीपीमध्ये टूल केवळ वाचते की काही नष्ट करू शकते, हे सुचवणाऱ्या खुणा आहेत. त्या टूलकर्त्यानेच लिहिलेल्या असतात, म्हणून टूले पुरवणाऱ्या अनोळखी सर्व्हरच्या बाबतीत त्यांवर विसंबू नये.

मराठीत वर्णन लिहिता येते. मात्र देवनागरी मजकुराला त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा सहसा अधिक टोकन लागतात, आणि ओपनएआय व अँथ्रॉपिकच्या एपीआयमध्ये (प्रोग्राममधून मॉडेल वापरण्याच्या सोयीत) टूलचे नाव रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा व संयोगचिन्ह यांतच द्यावे लागते.