पावडर जास्त, कपडे स्वच्छ?

‘फेस आला नाही तर मळ निघत नाही’ हे दादरपासून डोंबिवलीपर्यंत घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. मळ सोडवतात ते पावडरमधले घटक, पाणी आणि वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये कपड्यांची होणारी आपटाआपट. फेस उलट आड येतो: कपडे फेसावर तरंगतात, एकमेकांवर नीट घासले जात नाहीत. फ्रंट लोडमध्ये, म्हणजे समोरून दार असलेल्या मशीनमध्ये, पाणी मुळातच कमी, त्यामुळे जास्तीची पावडर खळबळूनही पूर्ण निघत नाही. तिचाच थर दाराच्या रबरात साचतो, त्यावर बुरशी धरते आणि पावसाळ्यात धुतलेल्या टॉवेललाही कुबट वास येतो. मग आपण काय करतो? आणखी एक चमचा घालतो!

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी मिळतं. ते मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, म्हणून पावडर कमीच पुरते. टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर थोडी वाढवावी लागते, पण पाकिटावरच्या मापानेच, मुठीने नव्हे.

वास आधीच बसला असेल तर मशीन रिकामं ठेवून ६० अंशांवर एकदा चालवा, रबराची घडी उलगडून पुसा. आणि धुणं काढल्यावर दार उघडंच राहू द्या, जुलैत तर नक्कीच.