वरणाच्या पाण्याचा हिशेब

परळच्या एका चाळीत परवा उष्टावणाला गेले होते. मामाने अंगठीच्या टोकाने खीर चाटवली, बाळाने ती जिभेनेच बाहेर ढकलली आणि ‘आवडली नाही वाटतं’ असे सगळे म्हणाले. वस्तुतः तोंडात आलेली वस्तू बाहेर लोटणे ही लहान बाळांची प्रतिक्षिप्त क्रिया असते. ती चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरू लागते, पण काही बाळांमध्ये थोडी रेंगाळते. नवी चव पसंत पडायला तर आठ-दहा वेळाही लागू शकतात.

मला खटकले ते पुढचे. आजींनी सुनेला बजावले, ‘दोन महिने नुसतं वरणाचं पाणी दे, पोटाला हलकं.’

साडेसात किलोच्या बाळाच्या जठरात एका वेळी साधारण 225 मिलीलिटर, म्हणजे एक मोठी वाटीभर अन्न मावते. आईच्या 100 मिलीलिटर दुधात सुमारे 65 किलोकॅलरी ऊर्जा असते, आणि वरचे निवळ पाणी तिच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे बाळाचे पोट तुडुंब भरते, दूध पिणे कमी होते आणि वजनाचा काटा अडून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे 200 किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळायला हव्यात. त्या पाण्यातून नव्हे, तर तळाच्या घट्ट डाळीतून, मऊ कालवलेल्या भातातून आणि वर सोडलेल्या चमचाभर साजूक तुपातून येतात. एवढ्याशा तुपातच 45 किलोकॅलरी असतात. चमचा तिरका केल्यावर घास ओघळून गेला नाही, म्हणजे दाटपणा बरोबर जमला.

दुसरा प्रश्न लोहाचा. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येते, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास आटत जातो आणि आईच्या दुधात लोह मुळातच फार कमी असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67 टक्के भारतीय मुले रक्तक्षयी आढळली. ज्या घरात चालते तिथे काटे नीट काढलेला मासा किंवा पूर्ण शिजलेले अंडे सहाव्या महिन्यानंतर खुशाल द्यावे. शाकाहारी घरात डाळीवर लिंबाचे चार थेंब पिळावेत, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते. चहा याच्या नेमका उलट वागतो, आणि तरीही चहात बुडवलेले बिस्कीट आपल्याकडे बाळाच्या हातात सर्रास दिसते. मध मात्र वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आजींचे एक मात्र अगदी बरोबर होते, ते म्हणजे मोडाची नाचणी. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टमय रेणू तोडते. त्यामुळे पीठ जास्त घालूनही खीर गिळण्याइतकी सैल राहते, म्हणजे वाटी तेवढीच आणि ऊर्जा अधिक. नाचणी वाटून फडक्यातून गाळून केलेल्या सत्त्वात मात्र नाचणीचा सगळा कस टिकत नाही, कारण कॅल्शियमचा बराचसा भाग असलेला कोंडा चोथ्याबरोबर निघून जातो. त्यापेक्षा मोड वाळवून, हलके भाजून केलेले पीठ चांगले. फक्त मुंबईच्या जुलैत ते मोड गच्चीवर वाळत नाहीत. पंख्याखाली पसरून दाणा दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत वाळवावे लागतात, आणि कुबट वास आला तर ती नाचणी टाकूनच द्यावी लागते.