आधी फडकं, मग फवारा
(अभ्यासिका, दवाखाने आणि खाणावळी चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आम्ही जागांमध्ये जंतुनाशक फवारून देतो, त्यामुळे डोळे येण्याची साथ आली की आमचा फोन थांबत नाही. 2023च्या पावसाळ्यात तर रोजचंच झालं होतं. "ते करंटवालं मशीन घेऊन या," असंच बहुतेक जण सांगतात. ते म्हणजे जंतुनाशक औषधाच्या थेंबांना विद्युतभार देऊन फवारणारं इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्र. मशीन आणतोच, पण ते काय करतं आणि काय करत नाही, हे आधी वाचून घ्या.

हिवाळ्यात नायलॉनची साडी पायांना चिकटते ना, तोच प्रकार इथे मुद्दाम घडवलेला असतो. नोझलमधून बाहेर पडताना औषधाच्या थेंबांना विद्युतभार मिळतो. सगळ्यांवर एकाच जातीचा भार, म्हणून थेंब एकमेकांना दूर सारतात आणि सारखे पसरतात. समोरच्या वस्तूकडे मात्र ओढले जातात. समोरून फवारल्यावर लोखंडी खुर्चीच्या पायाची मागची बाजूही ओली होते. साध्या पंपाने तिथे कोरडंच राहतं. युक्ती मूळची शेतीतली, पानाच्या पाठीलाही औषध लागावं म्हणून काढलेली. कोरोनाच्या काळात चंडीगडच्या सीएसआयओ या सरकारी संस्थेने असं यंत्र बनवलं, आणि ते तंत्रज्ञान नागपूरच्या एका कंपनीनेही घेतलं.

आता न होणाऱ्या गोष्टी. टेबलाच्या खणात, अरुंद फटीत हा फवारा शिरत नाही. भारित थेंब तोंडाशीच चिकटून बसतो. तिथे हातानेच पुसावं लागतं. आणि खाणावळीच्या टेबलावर तेलाचा थर असेल, तर औषध त्या थरावरच वाया जातं. म्हणून आमची माणसं आधी साबणाच्या पाण्याने पुसतात. वेळ त्यातच जास्त जातो, बिलातही तेच जास्त दिसतं. "पुसायचं सोडा, नुसतं मारून जा" असं काम आम्ही घेत नाही.

फवारताना खोलीत कोणीही नको, पाच मिनिटांसाठीसुद्धा. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2020 मध्येच बजावलं आहे. थेंब 40 मायक्रॉनपेक्षा बारीक झाले तर हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. म्हणून आम्ही जाड थेंबाचं नोझल लावतो. धूर निघाल्यासारखं दिसत नाही, त्याला इलाज नाही. तुमच्याकडे कोणाला दमा असेल तर आधी सांगा, कारण क्वाटर्नरी अमोनियमच्या (हे बऱ्याच जंतुनाशकांत असणारं रसायन) औषधांनी दमा उसळू शकतो. आणि आम्ही येण्याआधी कोणी ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र ओतून ठेवू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

पंखे आणि एसी बंद हवेत. औषधाच्या डब्यावर लिहिलेली मिनिटं, आमच्या औषधाला 10, पृष्ठभाग ओला राहायला हवा. एप्रिलच्या उकाड्यात थर चारपाच मिनिटांत सुकतो, तेव्हा दुसरा हात मारावा लागतो. आम्ही आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करून मागे सरकत दारापर्यंत येतो. वेळ भरली की खिडक्या उघडायच्या, वास गेला आणि सगळं सुकलं की आत यायचं. जेवणाच्या टेबलांवर साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं.

फिश टँक, पिण्याचं पाणी आणि उघडं अन्न झाकून ठेवा. बाकांवरचे कागद उचला. सुरुवातीला एका अभ्यासिकेत आम्हीच हे बघितलं नाही आणि एका मुलाच्या नोट्सवरची जेल पेनची निळी शाई पानभर उतरली. परीक्षा आठवड्यावर आली होती. तेव्हापासून फवारणीआधी आमचा माणूस एकेका बाकावर हात फिरवून बघतो.

रोज फवारणीची गरज नसते. दाराची कडी, नळ, स्विच, लिफ्टची बटणं रोज पुसा. साथ असेल किंवा कोणी आजारी पडलं असेल, तेव्हा आम्हाला बोलवा. डेंग्यूसाठी मात्र नको. या औषधाने डास मरत नाहीत, त्यासाठी कूलरमधलं साचलेलं पाणी ओतून टाका.