गडद एनडी फिल्टरमधील रंगझुकाव

भिंगापुढे गडद एनडी फिल्टर (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश घटवणारी काच) लावून घेतलेल्या लाँग एक्स्पोजर, म्हणजे बराच वेळ शटर उघडे ठेवून टिपलेल्या छायाचित्रावर जी तांबूस, जांभळट किंवा निळसर छटा पसरते, तिला रंगझुकाव म्हणतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे, म्हणून दहा स्टॉपचा फिल्टर आलेल्या प्रकाशाचा फक्त १/१०२४ भाग आत सोडतो. त्यामुळे जिथे १/६० सेकंद पुरला असता तिथे सुमारे १७ सेकंद लागतात आणि हरिहरेश्वरच्या कातळावर फुटणाऱ्या लाटा भर दिवसाही धूसर होतात. कोकण किनाऱ्यावर हा फिल्टर वापरला जातो तो मुख्यतः यासाठीच.

फिल्टरने ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा सर्व प्रकाश सारखाच अडवावा, अशी अपेक्षा असते; तसे न होणे हे रंगझुकावाचे पहिले कारण. तांबड्या प्रकाशासाठी त्याची घनता (प्रकाश अडवण्याचे लघुगणकी माप) निळ्यापेक्षा ५ टक्के कमी असली, तर तीन स्टॉपच्या फिल्टरमधून तांबडा प्रकाश सुमारे ११ टक्के जास्त येतो. दहा स्टॉपला हीच तफावत ४१ टक्क्यांवर जाते. हा झुकाव चित्रभर एकसारखा असल्याने रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रात) व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचे रंगसंतुलन, बदलून बराचसा काढता येतो.

दुसरे कारण अधिक त्रासदायक आहे. सिलिकॉनचा सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणही टिपतो आणि त्याच्यावरील अवरक्तरोधक काच ते पूर्णपणे थांबवत नाही. एरवी ही गळती जाणवत नाही. मात्र रंगद्रव्ययुक्त फिल्टर दृश्य प्रकाश हजारपट घटवून अवरक्ताला तितकेसे अडवत नसेल, तर चित्रातील तिचे प्रमाण वाढते. जिवंत पाने अवरक्त किरण जोरात परावर्तित करतात, म्हणून माड, सुरू आणि खाडीकाठचे कांदळवन तपकिरी दिसू लागते, तर काही काळे कृत्रिम कापड किरमिजी होते. प्रत्येक पदार्थ अवरक्ताला वेगळा प्रतिसाद देत असल्यामुळे व्हाइट बॅलन्सने हा दोष जात नाही. लाटेचा फेस पांढरा ठरवूनही झाडोरा तपकिरीच राहिला, तर दोष अवरक्ताचा समजावा.

जांभा दगड मुळातच तांबडा असल्याने त्यावरून परीक्षा करू नये. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर किंवा बेसाल्टवर झुकाव लवकर उघडा पडतो. सूर्यास्ताच्या वेळी तर फिल्टरची छटा आणि आकाशाचा खरा रंग वेगळे काढणे फार अवघड असते. अशा वेळी आधी फिल्टरविना एक चित्र घ्यावे आणि त्याच प्रकाशात फिल्टरमधून, रंग ताडून पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या करड्या कार्डाचेही घ्यावे. याला खरोखर पर्याय नाही.

निर्वातात धातूचा पातळ थर चढवलेले काचेचे फिल्टर अवरक्तालाही रोखतात, म्हणून गडद कामासाठी तेच घेणे योग्य. दोन ध्रुवीकारकांचा (पोलरायझरचा), फिरवून गडदपणा बदलता येणारा एनडी फिल्टर पूर्ण गडद केल्यावर त्यातून जांभळा व अवरक्त प्रकाश झिरपतो आणि चित्रावर फुलीसारखा काळा पट्टाही उमटतो. डीएसएलआर कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधून मागून शिरणारा उजेडही जांभळट डाग पाडतो. तो फिल्टरचा दोष नसतो आणि एक्स्पोजर चालू असताना व्ह्यूफाइंडर झाकल्यास नाहीसा होतो.